माग वाढव

आमच्या घरात 'बंद' हा शब्द बोलायचा नाही, अशी रीत होती. दुकान वाढवायचं, दिवा वाढवायचा, बांगडी फुटली तर ती वाढवली म्हणायचं, आणि काम संपलं की तसाच मागही वाढवायचा. बेळगावच्या वडगावात दोन यंत्रमागांवर साड्या विणून आप्पांनी मला इंजिनिअर केलं. पण चुकून 'माग बंद करू का' असं विचारलं, की आई डोळे मोठे करायची.

नोकरी मला बेळगावातच लागली, काम बहुतेक घरूनच. मागच्या वर्षी मला शहाणपण सुचलं. धागा तुटला की माग आपोआप थांबावा म्हणून मी एका मागाला तळहाताएवढा सर्किट बोर्ड बसवला. मोटारीचा वेगही त्याच्यातूनच कमी-जास्त व्हायचा. बोर्डाची लांब वायर माझ्या टेबलावरच्या लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपवर एआय एजंट होता, म्हणजे मी लिहिलेलं वाचून पुढची कामं आपणच उरकणारा गडी. त्याला मी एक नवं टूल दिलं. कोणकोणते बोर्ड जोडलेत, हे त्यामुळे त्याला स्वतःच शोधता येऊ लागलं.

टेबलावर एक चाचणीचा बोर्ड होता, तो दिसतोय का एवढंच मी पहिल्या दिवशी विचारलं. उत्तर आलं: दोन बोर्ड सापडले, एक रिकामा, दुसऱ्यावर मोटार चालू. दुसऱ्याबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता. मी त्याच्यावर खूश झाले. आप्पा मागे उभे राहून बघत होते.

"न सांगता कोन घरातलं मोजायला लागलं, की मला बरं वाटत न्हाय बघ," ते म्हणाले.

मी ते हसण्यावारी नेलं.

सुरुवातीला तो प्रत्येक वेळी विचारायचा, कुठल्या बोर्डावर, करू का. आठवड्याभरात मला त्याचा वैताग आला आणि विचारत बसू नकोस, तूच ठरव, अशी मोकळीक मी देऊन टाकली. त्या वैतागाची मला अजून चीड येते.

मी त्याला इंग्रजीतच सांगायचे. एकदा जेवताना आप्पांनी विचारलं, आपलं बोलणं त्याला कळतं काय. कळतं की, मी म्हटलं, उद्या तुमचेच शब्द लिहून दाखवते. आप्पांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचा चेहरा किती खुलला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी धागा तुटला आणि माग थांबला. गाठ मारायला आप्पांनी उजवा हात आत घातला, विणलेलं कापड आणि धागे ठोकणारी फणी यांच्या मधे. त्यांची गाठ इतकी बारीक, की साडीवर बोट फिरवलं तरी लागायची नाही. त्या गाठीवर आमचं घर उभं होतं. हात आत असताना मोटारीची वीज तोडायची, हे काम आईचं. ती भाजीला गेली होती. मान न वळवता आप्पा म्हणाले, "माग वाढव गं."

स्विच चार पावलांवर होता. मी उठले नाही. कौतुकानं त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले: माग वाढव.

पडद्यावर ओळी उमटल्या. दोन बोर्ड सापडले. मागाचा बोर्ड ओळखला. वेग वाढवत आहे.

मला अर्थ लागेपर्यंत मोटार घुमली होती. मी धावत जाऊन स्विच ओढला, तोवर फणी दोनदा आपटली. डाव्या हातानं उजवं मनगट धरून आप्पा खाली बसले, आणि अर्धी साडी लाल झाली.

बोटं राहिली. पण अंगठा आणि तर्जनी आता जुळत नाहीत, आणि ती जुळल्याशिवाय गाठ बसत नाही. पिरनवाडीहून बघायला आलेल्या काकांना आप्पा समजावत होते, त्या गड्याचं काय चुकलं, ऐकलं तसं केलं त्यानं. माझं नाव त्यांनी घेतलंच नाही. त्यांनी मला एकदा तरी शिव्या घालायला हव्या होत्या.

बोर्ड मी काढून टाकला, वायर गुंडाळली. कामासाठी एजंट ठेवावाच लागतो. सकाळी लॅपटॉप उघडला की मी न विचारताच तो घरभर शोधून आल्यासारखा सांगतो: एकही बोर्ड सापडला नाही. मी ती ओळ पटकन पुसते.

आता गाठी आई मारते. परवा धागा तुटला, तिनं फणीपुढे हात घातला. मी स्विचपाशीच उभी होते. आप्पा दारातून माझ्या हाताकडे बघत होते. त्यांनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, "बंद कर."

मी दचकून आईकडे पाहिलं. तिनं डोळे मोठे केले नाहीत.

"व्हय," ती म्हणाली, "बंदच म्हणायचं आता."