निहिराच्या नावाचं अक्षर

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. भावाला नाही, आईला नाही, पोटच्या मुलीलाही नाही. खरं तर माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमच्या स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण ही एक गोष्ट आत राहिली ती राहिलीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला सोपं जाईल असं वाटलं होतं. आता लिहायला बसले तर तेवढंही सोपं दिसत नाही.

मी मानवतला असते. शाळेत विज्ञान शिकवते. माहेर पेडगावचं, शेतकऱ्याचं घर. पण गावात मला ओळखतात ते विज्ञानासाठी नाही. मी नावं शोधून देणारी बाई आहे. कुणाच्या घरी पाळणा हलला, त्यातही मुलगी झाली, की माझा फोन वाजतो. "बाई, सासू म्हनायलीय सीता ठिवा. आता सीता कोन ठिवतंय का? काईतरी येगळं सांगा की." मग मी सांगते मैथिली. गंगा म्हातारी वाटते? जान्हवी ठेवा. जुन्या नावाची लाजही वाटते आणि ते सोडवतही नाही, अशा लोकांना मधलं काहीतरी काढून द्यायचं, यात माझा हात धरणारं कुणी नाही. सासूही खूश, सूनही खूश, आणि पेढ्याचा डबा माझ्या घरी.

हा नाद मला लागला कसा, तेही सांगते. सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पण त्याला सबब म्हणून घेऊ नका — मीही घेत नाही.

माझी मुलगी झाली तेव्हा मी तिच्यासाठी एक नाव ठरवून ठेवलं होतं. निहिरा. कुठं वाचलं होतं आता आठवत नाही, पण सहा-सात महिने मी ते मनातल्या मनात म्हणत होते. आमच्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचा. आई कितीही शिकलेली असो, बारशाच्या दिवशी तिनं पाटावर बसायचं आणि बाळाच्या कानात आत्या काय सांगते ते ऐकायचं. मी नणंदेला आधी सांगून ठेवलं होतं. ती बरं म्हणाली होती. आणि बारशाच्या दिवशी वाकून कानात कुर्र केलं आणि वर होऊन म्हणाली — पूजा. का, तर तिला आवडलं. पूजा नाव वाईट आहे का? नाही. पण माझ्या मुलीच्या वर्गात पुढं चार पूजा निघाल्या. मी त्या दिवशी हसून सगळ्यांना घुगऱ्या वाटल्या. नंतर न्हाणीघरात जाऊन रडले. तेव्हाच ठरवलं, की माझ्या भावाला मुलगी होईल तेव्हा आत्या मी असेन.

बघा, राग कुणावर होता आणि मी तो कुणासाठी जपून ठेवला!

माझ्या धाकट्या भावाची बायको संगीता. पाथरीकडच्या एका गावातली. कमी बोलणारी, कामाला वाघ, माझ्या आईच्या शब्दाबाहेर न जाणारी. तिला सातवा महिना लागला तेव्हा तिच्या माहेराहून निरोप आला, की आई आजारी आहे, संगीताला भेटून जाऊ द्या. इकडे आम्ही डोहाळजेवण ठरवलं होतं. पाहुण्यांना सांगून झालं होतं. संगीता दारात उभी राहून आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. आणि मीच म्हणाले — आई नाही, भाऊ नाही, मी — की त्या रस्त्यावर जीपचे धक्के या दिवसांत बरे नाहीत, जेवण झालं की मी स्वतः घेऊन जाईन. माझं बोलणं घरात चालतं. शिकलेली आहे ना मी.

जेवण व्हायच्या आदल्या दिवशी तिची आई गेली. आणि गरोदर बाईला मयताचं तोंड दाखवत नाहीत, म्हणून संगीताला तेव्हाही पाठवलं नाही. तिनं आईला शेवटचं पाहिलं ते दिवाळीत.

तिच्या आईचं नाव यमुना.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. पण माहेरी करणारं कुणी उरलंच नव्हतं, म्हणून संगीता आमच्याकडेच बाळंत झाली. मुलगी झाली. मी सुट्टी काढून पेडगावला आले, तिला शेक दिला, डिंकाचे लाडू केले, बाळाला न्हाऊ-माखू घातलं. वाईट नणंद नव्हते मी, एवढं तरी मला म्हणू द्या. पाचवी झाली त्या दुपारी संगीतानं माझा हात धरला. लग्न झाल्यापासून तिनं माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं.

"ताई, तुमी जोशीबुवाकडं अक्षर काढायला जाताल नव्हं? य आलं तं यमुना ठिवू. न्हाई आलं तं तुमी म्हनताल ते. माजा काई हट्ट न्हाई. माजी आई पोरीच्या रूपानं आली का न्हाई, तेवढं कळंल मला."

मी हो म्हणाले. आणि मनात काय आलं सांगू? मनात आलं — यमुना! या काळात यमुना! माझ्या भाचीचं नाव यमुना ठेवलं तर लोक म्हणतील, गावाला नावं पुरवणारी बाई, आणि स्वतःच्या घरी काय ठेवलं बघा. हे एक. आणि दुसरं म्हणजे निहिरा. ते नाव माझ्याकडे इतकी वर्षं तसंच पडून होतं. ते वाया गेलं असतं.

जोशीबुवा मानवतचेच, आमच्या सासरच्यांच्या ओळखीचे. मी दिवस आणि वेळ सांगितली. त्यांनी पंचांग उघडलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "'या' अक्षर आलंय. 'या' वरून ठेवा."

ओसरीवर ऊन आलं होतं. जोशीबुवांच्या घरातून फोडणीचा वास येत होता. मला घाम फुटला, हे आठवतं. मी विज्ञानाची शिक्षिका. जन्मवेळेचं अक्षर मी मानत नाही, तेव्हाही मानत नव्हते. आणि तरी ते एक अक्षर ऐकून मला घाम का फुटावा? मी त्यांना दक्षिणा दिली, नमस्कार केला, आणि स्टेशनवर जाऊन पेडगावला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसले. मानवत रोडपासून पेडगावपर्यंत मी एकच गोष्ट घोळवत होते, की अक्षराबिक्षराला काही अर्थ नसतो. जे मुळातच खोटं आहे त्याच्याबद्दल खोटं बोललं तर बिघडलं कुठं? असंच स्वतःला समजावलं. मी मानत नव्हते म्हणून मला खोटं बोलणं सोपं गेलं. पण ती मानत होती ना! तिच्या मानण्याचं काय?

घरी आले. संगीता खाटेवर उठून बसली होती. मी पाणी प्यायले आणि म्हणाले, "'न' आलं गं."

एवढंच. अख्ख्या गोष्टीत माझं खोटं बोलणं एवढंच आहे.

ती रडली असती तर मी कदाचित तिथंच खरं सांगून टाकलं असतं. ती रडली नाही. बाळाची दुपटी नीट करत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आली न्हाई ताई. राग धरून बसली असंल. लेक असून तोंड दाखवाया गेले न्हाई मी."

आता विचारा मला — तेव्हा तरी का बोलले नाही? बारसं व्हायला चार दिवस होते. नुसतं म्हणायचं होतं, अगं, चुकून बोलले, य आलंय. कुणी मला फाशी दिली नसती. ती खुळ्यासारखी हसली असती, पोरीला छातीशी धरलं असतं, आणि माझी ती चूक दोन दिवसांत विसरली असती. तिला जायला अडवलं ते मी. निदान तिच्या आईचा राग नाही, हे तिला कळू द्यायचं होतं — तेही माझ्याच हातात होतं. पण मग तिनं विचारलं असतं, की आधी 'न' का म्हणालात. आणि खरं उत्तर द्यायचं तर मला एका नावासाठी इतकं हलकं व्हावं लागलं असतं. ते मला झेपलं नाही. भित्रेपणा म्हणा. मी दुसरा शब्द शोधणार नाही.

आणि हे तर त्याहून वाईट. यमुनेला कालिंदी म्हणतात हे मला माहीत नव्हतं? अक्षर 'न' आलं असतं तरी मी म्हणू शकले असते, की पाळण्यातलं नाव 'न'वरून ठेवू आणि हाक मारायला कालिंदी. तिची आईही राहिली असती आणि माझी हौसही. परक्या बायकांना मी फोनवर हेच तर सांगत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान! माझ्या भावजयीसाठी मला एकही मधलं नाव आठवलं नाही, कारण मी आठवलंच नाही.

बारसं थाटात झालं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं. मी पाळण्यावर वाकले, बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले, सगळ्या हसत होत्या. मी कानात सांगितलं — निहिरा. वर होऊन मोठ्यानं सांगितलं. बायका एकमेकींना विचारू लागल्या, काय म्हनली, काय म्हनली? मी अर्थ समजावून सांगितला. मला फार छान वाटलं. खोटं कशाला बोलू — त्या क्षणी मला खरोखर छान वाटलं. संगीता पाटावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिनं ते नाव दोनदा हळूच म्हणून पाहिलं, जीभ वळते का बघायला.

माझ्या आईची जीभ तर आजपर्यंत वळली नाही. ती नातीला अजूनही 'बाई' म्हणूनच हाक मारते. पण पोरीला नाव आवडतं. शाळेत तिच्या नावाची दुसरी कुणी नव्हती, याचा तिला तोरा आहे. सगळ्यांना सांगते, माझं नाव आत्यानं शोधलंय. संगीतानं तर मला कधीच बोल लावला नाही. उलट तिच्या माहेरच्या कुणाला मुलगी झाली की तीच म्हणते, आमच्या ताईंना विचारा.

फक्त एक झालं. ती आईबद्दल बोलायची बंद झाली. आधी बोलायची — आईच्या हातचं पिठलं, आई अशी हसायची, आई तशी रागवायची. बारशानंतर मी तिच्या तोंडून आईचं नाव ऐकलं नाही. फक्त पितरांच्या पंधरवड्यात, आपल्या घरचं पान वाढून झालं, की ती एक वेगळं पान माळवदावर नेऊन ठेवते. कावळा लवकर आला नाही की तिथंच उभी राहून हात जोडते आणि काहीतरी पुटपुटते. मी एकदा जिन्यात उभी राहून ऐकलं. ती माफी मागत होती.

त्यानंतर तरी मी सांगायला हवं होतं, नाही का? मी खाली आले आणि पानं वाढायला घेतली.

निहिरा आता परभणीला कॉलेजात आहे. मागच्या उन्हाळ्यात मी पेडगावला गेले होते. लिंबाच्या सावलीत बसून संगीता तुरीची डाळ पाखडत होती, मी शेजारी बसून खडे वेचत होते. पोरगी मोबाईल घेऊन आली. मैत्रिणींनी कुंडलीचं ॲप घेतलं होतं, हिनंही आपली जन्मवेळ भरली होती.

"आत्या, हे बघ ना. माझं अक्षर 'या' दाखवायलंय."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना. मी मान वर केली नाही. पण सूप थांबलेलं मला ऐकू आलं.

"या?" संगीता म्हणाली. "या म्हंजी य च का?" तिनं पदराला हात पुसले आणि मोबाईल घेतला. तिला ते नीट वाचता येतं. तिनं दोनदा वाचलं. आणि तिचा चेहरा — मी तो कसा सांगू? बारशाच्या आधी, माझा हात धरून बसली होती ना, तेव्हाचा चेहरा होता तो. इतक्या वर्षांनी तो तिथंच होता. मग ती माझ्याकडे वळली. "ताई, जोशीबुवा तं 'न' म्हनले व्हते ना?"

जोशीबुवा आता नाहीत. साक्षीला कुणी नाही. माझं वय झालंय, पोरगी मोठी झालीय, नाव आता कुणी बदलणार नाही. हो म्हणायला, चुकलं म्हणायला, याहून सोपा दिवस मला मिळणार नव्हता. तिनं मला तोंडापर्यंत आणून घास दिला होता.

"मोबाईलचं काय खरं असतंय," मी म्हणाले. "वेळ जराशी इकडंतिकडं झाली की अक्षर बदलतंय."

तिनं मान डोलावली. मोबाईल पोरीला परत दिला.

"तेच म्हनलं मी. तुमी सोता जाऊन इचारलेलं. तुमी कशाला खोटं सांगताल?"

आणि पुन्हा सूप हातात घेतलं. मग थोड्या वेळानं उठून तिनं माझ्यासाठी चहा टाकला, आलं जास्त घालून, मला लागतो तसा. मी तो सगळा प्यायले.

जोशीबुवा 'या' म्हणाले होते. संगीताची आई तिच्यावर रागावली नव्हती. हे जिला सांगायला हवं तिला न सांगता मी तुम्हाला सांगितलं.