आमची खडखडीत कोरडी भिंत

चहा घ्या, पण घोट जरा लहान घ्या. हा किस्सा ऐकताना आमच्या साडूला असा ठसका लागला होता की त्याची पाठ थोपटता थोपटता माझा हात भरून आला. दुसऱ्या कोणाची फजिती असती तर मी ती चांगली रंगवून सांगितली असती. माझीच आहे, म्हणून आहे तशी सांगतो. थोडं इकडेतिकडे झालं तर चालवून घ्या.

मी लांजेवार. मूळचा भंडाऱ्याकडचा, पण सगळी उमर भिलाईत गेली. प्लांटमध्ये माझं काम विटांचं. वितळलेलं पोलाद ज्या अजस्र बादलीत ओततात तिला लॅडल म्हणतात. त्या लॅडलला आतून विटांचं अस्तर लावायचं आणि ते तापवून तापवून कोरडं करायचं, हे आमचं खातं. अस्तरात ओल राहिली आणि वर पोलाद पडलं तर काय होतं, ते चहाच्या वेळी नको. मुद्दा एवढाच, की भिंतीतली ओल या विषयावर अख्ख्या भिलाईत माझ्याएवढा अधिकारी माणूस नाही, अशी एका माणसाची ठाम समजूत होती. तो माणूस म्हणजे मी.

रिटायर झालो, सेक्टर दोनचं क्वार्टर सोडलं आणि मरोद्याला जुळं घर घेतलं. मध्ये एक भिंत. अलीकडे आम्ही, पलीकडे कापगते. कापगते रेल्वेत गार्ड होते, दुर्ग लाइनवर. गोंदियाकडचा साधा, देवमाणूस. मी सांगेन ते खरं मानायचा. शेजारी म्हणून याहून चांगला माणूस शोधून सापडला नसता.

दसऱ्याच्या सुमारास त्या मधल्या भिंतीत, आमच्या बाजूने गाडलेला पाण्याचा पाइप फुटला. आत पाणी झिरपत राहिलं आणि आम्हाला कळलं तेव्हा भिंत छातीपर्यंत भिजलेली. प्लंबर आला, पाइप बदलला, सिमेंट थापलं आणि गेला. आता भिंत वाळायची तेवढी बाकी.

आणि नेमकी तीच खोली आमच्या वैशूच्या बाळंतपणासाठी राखून ठेवलेली. लेकीचं पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं. तिची सासू राजनांदगावची. बाई प्रेमळ, पण बोलायला स्पष्ट. भिंतीचं तिच्या कानावर गेलं आणि लगेच फोन आला.

"भाऊ, खोली ओली असन तं आताच सांगून द्या. लेकराले सर्दी झाली तं मी कोणाचं ऐकणार नाही. आमच्या इथं खोली रिकामी आहे, सुकी आहे. वैशू इथंच राहीन. मी येतो एक डाव पाहाले."

म्हणजे घरातलं पहिलं नातवंड, आणि ते राजनांदगावला? आम्ही काय पाहुण्यासारखं फळं घेऊन जायचं? बायकोने फोन ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. म्हणाली, "तुमी काहीबी करा, पण थे खोली सुकवा."

काहीबी करा. प्लांटमधून रिटायर झालेल्या माणसाला असं कोणी सांगतं का?

आता शहाणा माणूस काय करेल? फुगलेलं प्लास्टर खरवडेल, खिडक्या उघडेल, पंखा लावेल आणि गप्प बसेल. भिंत आपली सावकाश वाळेल. पण शहाण्या माणसाची गोष्ट सांगायला मी तुम्हाला चहाला कशाला बोलावलं असतं?

मी सुपेल्याला गेलो. तिथल्या टेंटवाल्याकडून मोठाले हॅलोजन दिवे भाड्याने आणले. लग्नात नवरदेवाचा घाम काढतात ना, तेच. घरातले हीटर काढले, शेजारचे मागून आणले. सगळी फौज भिंतीसमोर ओळीने मांडली. खिडक्या बंद, फटींना टेप, दाराखाली पोतं. उष्णतेचा एक कण वाया जाता कामा नये. मग शिफ्ट लावल्या. सकाळची बायकोला, दुपारची मला. रात्रपाळी कोणाची, असं मी विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. रात्रपाळी बंद झाली.

बाहेरून पडद्याआड तो उजेड पाहून दोन घरं सोडून राहणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुमच्या इथं लग्न आहे का जी?" म्हटलं, लग्न नाही, शास्त्र आहे.

बायको पदराने वारा घेत बाहेर आली. "आवो, एखादी खिडकी तं उघडा. जीव घुसमटून राहिला माहा."

"खिडकी उघडली का टेम्परेचर पडते. हे टेक्निकल काम आहे, तुले नाही समजाचं."

"मंग कुकरले शिटी काहाले देते?"

"कुकर वेगळा अन् लॅडल वेगळी," मी म्हणालो. वाक्य वजनदार होतं, म्हणून ती गप्प बसली असं मला वाटलं. आता वाटतं, तिने नाद सोडला असावा.

काही दिवस असं तापवल्यावर भिंतीला तळहात लावला. गरम आणि कोरडी, अगदी खडखडीत. आता तापल्या तव्यावर पाणी शिंपडलं तर तवाही कोरडाच दिसतो, हे कोणत्याही सुनेला माहीत असतं. पण तळहात माझा होता आणि त्याला आयुष्यभराचा अनुभव होता. मी सही केल्यासारखी मान हलवली आणि त्याच आठवड्यात रंगारी बोलावून भिंतीला वॉटरप्रूफ पेंट मारून घेतला. फिका पिस्ता रंग, प्लास्टिकसारखा चकचकीत. त्या रंगातून पाणी आत जाणार नाही, असं डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. आत जे आहे ते बाहेर कुठून येणार, याबद्दल डब्याने काही म्हटलं नव्हतं आणि मी काही विचारलं नव्हतं.

हा पराक्रम पाहायला कापगते जोडप्याला चहाला बोलावलं. ओल कशी मारायची यावर मी त्यांना असं भाषण दिलं की कापगते वहिनींचा चहा हातात गार झाला. कापगते म्हणाले, "तुमचं डोकं मानलं बापा." मी ते नाकारलं नाही.

पुढच्या आठवड्यात कापगते दारात उभे. चेहरा असा, जणू चूक त्यांचीच आहे.

"लांजेवार साहेब, राग नका मानू जी. पण माह्या बाजूनं भिंतीले ओल येऊन राहिली. तुमचा पाइप अजून..."

माझ्या भिंतीवर शंका? मी त्यांना हाताला धरून आत नेलं.

"लावा हात. आहे ओल?"

त्यांनी हात लावला. "नाही जी. सुकी आहे."

"मंग पानी माह्याकडून नाही. उरलं कोण?"

कापगत्यांनी पुन्हा एकदा भिंतीला हात लावून पाहिला. मग हळूच म्हणाले, "मीच उरलो."

"तुमचा बाथरूम लीक आहे. टाइल्स काढा, खाली पाहा."

"टाइल्स तं मागच्या वर्षीच बसवल्या जी."

"कापगते, म्या उमरभर भट्ट्या पाह्यल्या. तुमी झेंडी दाखवली. आता सांगा, कोणाचं ऐकाचं?"

हो, मी खरंच असं बोललो. आणि त्या भल्या माणसाने खरंच ऐकलं. मजूर लावून त्यांनी बाथरूम फोडलं. खाली सगळं कोरडं. ते सांगायला आले तर मी म्हणालो, अजून खोल पाहा. त्यांनी अजून खोल पाहिलं. तिथेही काही नाही. मग त्या वैतागात ओल आलेलं प्लास्टरही त्यांनी विटांपर्यंत खरवडून टाकलं. घरभर धूळ झाली, म्हणून वहिनींनी खिडक्या सताड उघडल्या आणि दिवसभर पंखे सोडून दिले.

आता घरातलं बाथरूम फुटलेलं, मग अंघोळीला कुठे जायचं? कापगते रोज सकाळी बादली आणि टॉवेल घेऊन आमच्याकडे येऊ लागले. अंघोळ करून निघताना दारात हात जोडायचे. "तुमचे उपकार आहेत जी." आणि मी म्हणायचो, शेजारधर्म आहे.

मग विहीणबाई खोली पाहायला यायच्या दिवशी सकाळी मला भिंतीवर एक फुगवटा दिसला. लहानसा, पुरीएवढा. बोट लावलं तर आत मऊ. आता इथे तरी माणसाने विचार करावा ना? मी विचार केला. विचार असा केला, की पेंटचा माल हलका निघाला. बायकोने गरोदर लेकीच्या खोलीत लावायला गुटगुटीत बाळाचं एक फ्रेम केलेलं चित्र आणलं होतं. मी फुगवट्याच्या बरोबर वर खिळा ठोकला आणि ते चित्र त्यावर टांगलं. दुपारपर्यंत पुरीचा भटुरा झाला असावा, कारण चित्र खालून पुढे आलं. बाळ खोलीत डोकावून पाहत आहे असं वाटू लागलं.

विहीणबाई आल्या. खोलीभर फिरल्या. खिडकीचे पडदे, गादी, कोपऱ्यातला पाळणा, सगळं पाहिलं. भिंतीवरून हात फिरवला. बायको श्वास रोखून उभी.

"सुकी आहे," त्या म्हणाल्या. बायकोने श्वास सोडला. मी मिशीला हात लावला.

तेवढ्यात कापगते नेहमीप्रमाणे बादली-टॉवेल घेऊन मागच्या दाराने आत शिरले. त्या दिवशी मजुरांमुळे त्यांना अंघोळीला उशीर झाला होता. पाहुणीला पाहून बिचारे दारातच थांबले.

विहीणबाईंचं लक्ष चित्राकडे गेलं. "बाळ गोड आहे. पण हे असं काहून वाकून राहिलं?" आणि बाईंना टापटीप आवडते. त्यांनी दोन्ही हातांनी फ्रेम धरली आणि भिंतीवर दाबून सरळ केली.

फुस्स झालं. फ्रेमच्या खालून, बरोबर बाळाच्या मधोमध, पाण्याची बारीक धार निघाली आणि विहीणबाईंच्या साडीवर पडली. त्या दचकून मागे झाल्या. धार थांबेना. बाळ हसतच होतं.

रंगाचा पापुद्रा हळूहळू सुटत खाली आला आणि मागे काळपट, चिंब ओलं प्लास्टर दिसलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो सुपेल्याच्या हॅलोजनपेक्षा जास्त होता. लॅडलच्या अस्तरातून वाफ बाहेर जावी म्हणून आम्ही मुद्दाम भोकं ठेवतो. नवीन पोरगं कामावर आलं की पहिल्या दिवशी मीच त्याला हे दाखवायचो आणि विसरलं तर शिव्या घालायचो. आणि घरी मी काय केलं? वाफेच्या सगळ्या वाटा टेप लावून बुजवल्या आणि वर प्लास्टिक थापलं. आतलं पाणी जाणार कुठे? जिथे वाट मिळाली तिथे गेलं. कापगत्यांकडे.

कापगते भिंतीकडे पाहत होते. मग त्यांनी हातातल्या बादलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांनी एक शिवी दिली असती तर मी त्यांचे पाय धरले असते. ते एवढंच म्हणाले, "आंघोळ करून येतो जी," आणि बाथरूममध्ये गेले. आतून नळाचा आवाज येत राहिला आणि मी मेल्याहून मेल्यासारखा उभा राहिलो.

विहीणबाई पदर पिळत म्हणाल्या, "भाऊ, वैशू राजनांदगावलेच राहीन."

बायको पाळण्याची दोरी धरून खाली बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

कापगते बाहेर आले. डोकं पुसत पुसत विहीणबाईंना म्हणाले, "माह्याकडची खोली रिकामी आहे बाई. पोरगा पुण्याले असते. भिंत पार विटेपर्यंत सुकून गेली, प्लास्टर उद्या-परवा होऊन जाईन. अन् बाथरूम तं एकदम नवीन करून राहिलो, साहेबांच्या कृपेनं. पोरगी मायच्या बाजूलेच राहीन."

टोमणा असता तर मी परतवला असता. पण तो माणूस मनापासून बोलत होता. विहीणबाईंनी तिकडे जाऊन भिंत पाहिली, खिडक्या पाहिल्या, वहिनींच्या हातचा चहा घेतला आणि होकार दिला. वहिनींनी तर त्याच दिवशी डिंक कुठे चांगला मिळतो याची चौकशी सुरू केली.

तर आमची नात कापगत्यांच्या खोलीत आली. नातीला पाहायला मी रोज शेजाऱ्यांची बेल वाजवतो, चप्पल बाहेर काढतो, हात धुतो आणि वहिनी "आत या" म्हणेपर्यंत वऱ्हांड्यात उभा राहतो. आमच्या खोलीचं प्लास्टरही विटांपर्यंत काढलं. खिडक्या उघड्या, पंखा चालू, आणि हॅलोजनचं नाव घ्यायची घरात बंदी.

बारसंही तिकडेच झालं. राजनांदगावची मंडळी आली, सेक्टर दोनचे जुने शेजारी आले. खुर्च्या कमी पडल्या म्हणून बायकोने मला घरून आणायला पिटाळलं. मी आलो, दोन खुर्च्या उचलल्या, आणि जाता जाता काही राहवलं नाही. भिंतीला तळहात लावून उभा राहिलो. प्लास्टर नसल्यामुळे पलीकडचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. सेक्टर दोनच्या कोणी बाई विचारत होत्या, "नातीचं नाव ठेवून राहिले, अन् आजोबा कोठी आहेत?"

आमच्या सौभाग्यवतीचा आवाज आला, शांत आणि खणखणीत. "पोरीचं बाळंतपण इकडं झालं. आमच्या घरी भिंत बाळंत झाली ना जी, तिच्यापाशी बसले असतीन."