ठोकळ्याची घट

मासेमार संस्थेची जर्मनची नाव, म्हणजे ॲल्युमिनियमची, सांभाळायचं काम उकंडाकडे होतं. आर्णीकडच्या धरणातून जाळी ओढून आणायची आणि दुपारी काठावर नाव पालथी घालून बूड घासायचं. बायको कांताबाई म्हणायची, "मले कधी इतकं निरखून पाह्यलं नाही तुमी." उकंडा बूड घासत राही, कारण ते खरंच होतं.

नावेच्या बुडाला लोखंडी पट्टी होती आणि पट्टीशेजारी मॅग्नेशियमचा एक ठोकळा बोल्टनं आवळलेला. बसवणाऱ्या इंजिनिअरनं सांगितलं होतं, पाण्यात लोखंडाला लागून जर्मन सडतं. हा ठोकळा आधी सडेल आणि नाव वाचेल. झिजतोय म्हणजे काम करतोय. उकंडाला ते चटकन पटलं. घरात एकानं बोलणी खाल्ली की बाकीचे सुखात राहतात, हा त्याचा रोजचा अनुभव.

पण वर्षं कापसाच्या पडझडीची. व्यापाऱ्याच्या काट्यावर गाडी उभी राहिली की वजनातून ओल म्हणून कटती, कचरा म्हणून कटती. वजन घटलं म्हणजे कोणीतरी खाल्लं, हे गावाच्या हाडात मुरलेलं. अशात अध्यक्ष रूपसिंगनं संस्थेचं सामान तोललं. बसवताना साडेतीन किलोचा असलेला ठोकळा बोल्ट काढून तोलला, तर दोनच किलो भरला.

"दीड किलो कुठी गेला बे, उकंड्या?"

"झिजला, भाऊ. तो झिजाले लावला हाय."

"व्यापारी बी असंच म्हन्ते, कापूस वाळला!"

"भंगारात इकला असन," मागून कोणीतरी म्हणालं.

रूपसिंगनं ठोकळा कपाटात कुलूपबंद केला. उकंडा आडवा आला. "नावेचं बूड जाईन, भाऊ!"

"तू तुह्यं बूड सांभाळ."

नाव उकंडाकडंच राहिली, पण तेव्हापासून त्यानं खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी पुढं केली तरी कोणी चिमूट उचलेना. यवतमाळात याहून मोठा बहिष्कार नाही.

दीड वर्षानं पुन्हा तोल झाला. ठोकळा बरोबर दोन किलो. रूपसिंगनं तो सगळ्यांपुढं नाचवला. "माह्या कपाटात गुंजभर घटला नाही! तुह्यापाशीच काहून घटत होता? आजपासून तुह्यं काम बंद."

उकंडानं पालथ्या नावेच्या पट्टीच्या कडेची पांढरी भुकटी नखानं खरवडली. खाली खड्डेच खड्डे. दोन ठिकाणी तर आरपार उजेड.

"हे भोकं बी यानंच पाडले," रूपसिंग म्हणाला. साऱ्यांनी माना हलवल्या.

उकंडानं नाव सुलटी करून पाण्यात ढकलली आणि वल्हं रूपसिंगच्या हाती दिलं. "चोराच्या हातून सुटली तुमची नाव. बसा आता."

रूपसिंगनं मागं पाहिलं. ज्यांनी माना हलवल्या होत्या ते सगळे आपापल्या जाळ्यांच्या गाठी तपासत होते.

"चोर साला," तो नावेकडं पाहत म्हणाला, आणि एक पाऊल मागं सरकला.