अण्णांचं चिलेट

आमच्या वडिलांचा, म्हणजे तवनाप्पा अण्णांचा, आवाज कबनूरच्या नाक्यापर्यंत जातो. खताचं दुकान चालवतात, पण गिऱ्हाइकाला बघून हसणं या माणसाला कधी जमलं नाही. उसावर केवडा पडला, पानं पिवळी पडली की शेतकरी लोहाचं चिलेट मागायला येतो आणि आधी शिव्या खातो.

"सगळं एकाच पिंपात ओततोस व्हय रं? नुसतं लोखंड आपल्या खाऱ्या पाण्यात टिकत न्हाय, गंजून तळाला बसतंय. चिलेट त्येला खेकड्यावानी नांगीत धरतंय, म्हणून विरघळलेलं ऱ्हातंय. त्यात सुपर फॉस्फेट खत कालवलंस तर गाळच हुणार की!"

मला या आरडाओरड्याचा संताप यायचा. पण माल चोख असायचा, म्हणून मी गप्प.

यंदा खरेदी माझ्या थोरल्या भावानं, सम्मेददादानं हातात घेतली आणि कुठल्याशा नव्या कंपनीचं स्वस्त चिलेट आणून कपाटं भरली. परवा आकारामकाका आले. अण्णांचे शाळेपासूनचे दोस्त. हातात तांबूस गाळाची बाटली.

"चुकलं बाबा माझं. पिंप नीट धुतलं नसंल. दुसरी पुडी दे."

अण्णांच्या तोंडाचा पट्टा सुटणार, तेवढ्यात त्यांची नजर बाटलीवर अडकली. त्यांनी नवी पुडी फोडली आणि ग्लासभर बोअरच्या पाण्यात चिमूटभर टाकली. दुसरं काहीच नाही. चहा होईपर्यंत पाणी गढूळलं आणि तळाला तोच तांबूस गाळ. चिलेट कसलं, रंग दिलेला नुसता हिराकस, म्हणजे लोखंडाचं साधं मीठ!

"सम्म्या! लोकांच्या उसाची माती केलीस!" अण्णांनी पुड्यांचं खोकं रस्त्यावर भिरकावलं.

"मला काय ठावं? एकाची तरी तक्रार आली का?" दादा उलट ओरडला. मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

अण्णा काकांकडे वळले. "तुझ्याकडं कवापासनं बसतंय गाळ?"

"पयल्या पुडीपासनं. आमच्या गल्लीत समद्यांचंच बसतंय."

"आन् गप बसलासा? माझ्याकडं येऊन बोंबलायचं न्हाय व्हय?"

काका बाटलीचं टोपण फिरवत राहिले.

"तुझ्याफुडं? तू आमचीच चूक काढली असतीस की. म्हणून समदी आपापलं पिंप घासत बसली."