बहिरं कोपर

आमची ही शियात्सू करते. म्हणजे माणसाला कपड्यांसकट जमिनीवरच्या गादीवर झोपवायचं आणि अंगठ्यांनी दाबत सुटायचं. तेल नाही, चोळणं नाही. गुडघा धरून आलेल्याचं ही पोट दाबते, डोकं धरून आलेल्याचे पाय. रोग रेड्याला, औषध पखालीला. वर म्हणते, "शरीर अख्खं असतं हो, तुकड्यातुकड्याचं नसतं." मी बेकरीत पीठ मळणारा माणूस. मला गोळे तोडायची सवय.

तिच्या मते राग यकृतात राहतो, दुःख फुफ्फुसात. मी विचारलं, "आणि माझ्या डोक्यात कोण राहतं?"

"बावीस वर्षं शोधतेय," ती म्हणाली.

त्या बावीस वर्षांत मी एकदाही तिच्या गादीवर आडवा झालो नाही. घरात एक तरी शहाणं माणूस हवं.

यंदा तिचे अंगठे गेले. सांधे सुजले, कप धरवेना. डॉक्टरांनी अंगठ्यांनी दाबणं कायमचं बंद केलं. मी म्हटलं, "मग कोपराने दाब. तुमच्यात चालतं ना?"

"चालतं. पण कोपर बहिरं असतं. अंगठ्याला आतलं ऐकू येतं."

दारावरची शियात्सूची पाटी काढून तिने पलंगाखाली सारली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. थट्टा करायला कोणी उरेना, घर खायला उठलं. आठव्या दिवशी मीच गादीवर पालथा पडलो. "घे, माझ्यावर शीक. बिघडला तरी घरचाच माल."

आधी कोपर बरगडीत घुसलं, मला आई आठवली. मग तिने जोर सोडून नुसता अंगाचा भार टाकला. पीठ मळताना मीही तेच करतो, कबूल. कोपर सरकत सरकत खांद्याच्या फऱ्याखाली आलं आणि तिथेच थांबलं. बराच वेळ हललं नाही.

"थोरले भाऊजी गेले, त्या दिवशीसुद्धा तुम्ही बेकरीत गेलात," ती म्हणाली.

"मग पीठ काय दादा मळणार होता?" असं म्हणायला तोंड उघडलं आणि भलताच आवाज निघाला. मी रडलो. पार नाक वाहेपर्यंत. पीठ मळायला मला दादानेच शिकवलं होतं आणि त्याच्यासाठी मी एक टिपूसही काढलं नव्हतं.

"कोपर टोचलं," मी म्हणालो.

"हो ना," ती म्हणाली. मग वाकून पलंगाखालची पाटी ओढली आणि तिच्यावरची धूळ माझ्याच सदऱ्याला पुसली.