सातवीच्या वर्गाची घटना

नोकरीचं दुसरं वर्ष. पेणहून सकाळच्या गाडीने निघायचं आणि निडीजवळच्या शाळेत सातवीला शिकवायचं. अजून कायम झालो नव्हतो. ते रोह्याहून तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या शेऱ्यावर अवलंबून होतं.

राज्यघटना नुसती वाचून दाखवली की मुलं जांभया देत. म्हणून म्हटलं, वर्गाचीच घटना करू. प्रत्येक कलमावर हात वर करून मतदान, आणि माझंही मत एकच. या कल्पनेवर मी इतका खूश झालो की घरी जेवताना पुन्हा पुन्हा सांगत बसलो. बायको म्हणाली, "आधी भाकरी खा, गार होतेय."

चार कलमं ठीक झाली. पाचवं एका मुलीने मांडलं: भातलावणीच्या दिवसांत कोणाची गैरहजेरी लावायची नाही. मी विरोध केला. बत्तीस हात एकीकडे, माझा एकट्याचा दुसरीकडे. कलमांचा तक्ता भिंतीवर लागला. खाली पहिली सही माझी, चांगली वळणदार.

लावणी सुरू झाली आणि नेमके साहेब तपासणीला आले. वर्गात सात मुलं. हजेरीपत्रकात बाकीच्यांपुढे मी काहीच लिहिलं नव्हतं, रकाने कोरे.

"हे काय, गुरुजी?"

मी नुसतं तक्त्याकडे बोट केलं.

साहेबांनी पाचही कलमं वाचली, मग माझी सही वाचली. घरची लावणी आटपल्यामुळे पाचवं कलम मांडणारी ती मुलगी वर्गात होती. साहेबांनी तिला विचारलं, "गुरुजींनी हे मान्य कसं केलं गं?"

"नाय केलं. विरोधातच होते. एकटे पडले."

"मग सही?"

"हरलं तरी सगळ्यांनी ठरवलेलं पाळायचं, तेंनीच सांगितलंय."

"आणि बुडलेला अभ्यास? त्याचं कलम कुठाय? आत्ता दुरुस्ती करा."

"आत्ता नाय व्हणार, साहेब. बाकीचे शेतात हायत. सगले आल्यावर."

माझी नोकरी गेली, हे तेव्हा मी धरून चाललो. साहेबांनी शेरेवही मागवली. 'हजेरीपत्रक नियमाप्रमाणे भरावे. मुलांना घटना समजली आहे.' पहिलं वाक्य वाचून मी हजेरीपत्रक मिटलं. दुसरं मी उभ्याउभ्या तीनदा वाचलं.

सगळी मुलं परतल्यावर दुरुस्ती झाली: शनिवारी दुपारी जादा वर्ग, तोही गुरुजींनी घ्यायचा. माझाही हात वर होता. कायम झाल्याचा हुकूम दिवाळीआधी आला. शाळेच्या पायरीवर बसून तो वाचता वाचता परतीची गाडी चुकली, आणि मुळीच वाईट वाटलं नाही.