मोहाखालचा पाचोळा

"पयले नाकाले इचारा, मंग मोबाइलले," असं म्हणून आमचा वणव्यावरचा राखणदार मान वर करायचा, डोळे मिटायचा आणि हवा हुंगायचा. आम्ही सगळे त्याच्या नाकाकडे बघत उभे. मग डोळे न उघडताच बोट दाखवायचा, "तिकडं. गवत हाय, साग नाई." उपग्रहाचा आगीचा मेसेज माझ्या मोबाइलवर टुणकन यायचा, तोवर आम्ही अर्धी आग झोडपून काढलेली असायची. "त्याले वरते सर्दी झाली अशीन," हे उपग्रहाबद्दल त्याचं मत.

मी वर्ध्याच्या नालवाडीची. वनरक्षक होऊन आष्टी तालुक्यातल्या एका बीटावर, म्हणजे राखायला दिलेल्या जंगलाच्या तुकड्यावर, रुजू झाले, तेव्हा जंगलाबद्दलचं माझं ज्ञान परीक्षेच्या गाईडपुरतं होतं. तो आमच्याकडे उन्हाळ्याचे चार महिने आग राखायला असायचा. साठीतला काटक गोंड माणूस. घरी बायकोशी, म्हणजे बुढीशी, गोंडी, आमच्याशी वऱ्हाडी आणि साहेब आले की हिंदी. ती हिंदी साहेबांना कळत नसे, पण ते मान डोलवायचे.

एकदा वरून पाचोळा उडवायचं यंत्र आलं. पाठीवर बांधायचं, चालू करायचं, की वारा सुटून आग अडवायला आखलेल्या जाळरेषेवरची पानं बाजूला. त्यानं ते पाठीवर घेतलं, चार पावलं चालला आणि बंद केलं. "एवढा आवाज माया सासूनंबी नाई केला कधी," म्हणाला, आणि खराटा उचलून कामाला लागला. संध्याकाळी मोजलं तर दोघांचं काम सारखंच भरलं. यंत्र चालवणारी मी होते, हे मुद्दाम सांगत नाही.

पण त्याचं खरं हत्यार खराटा नव्हता, तोंड होतं. मोहाच्या झाडाखाली आग लावलेली तुम्हीही पाहिली असेल. मार्चात फुलं टपटपू लागली की लोक झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. जमीन साफ होते, वेचायची पिवळी फुलं पटकन दिसतात. दोन मिनिटांचं काम. मात्र एक ठिणगी सागाच्या पानांत गेली की डोंगर पेटला. म्हणून तो फुलं पडायच्या आधीपासून दारोदार फिरायचा. "झाडा. जाळू नका. हात झडले का?" एका बाईनं कंबर दुखते म्हटलं, तर त्यानं तिच्या झाडाखालची जमीन स्वतः झाडून दिली आणि वर तासभर तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पुढच्या वर्षी ती कंबर बांधून आधीच झाडून बसली होती.

गेल्या वर्षी उन्हाळा फारच वाईट गेला. पंधरा दिवस धूर गावावरून हलला नाही. डोळे चुरचुरायचे, चहाला धुराची चव, धुतलेल्या कपड्यांनाही तोच वास. अर्धं गाव खोकत होतं आणि उरलेलं अर्धं त्याला काढा सांगत होतं. आम्ही या डोंगरावरून त्या डोंगरावर पळत होतो. तो तर आठ दिवस घरीच गेला नव्हता.

त्यात एका दुपारी मोठी आग लागली. विझवायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. हिरव्या फांद्या मारून हातांची सालं निघाली. सगळे सावलीत आडवे झाले, पण त्याची एक खोड होती. आग कुठून लागली ते पाहिल्याशिवाय तो जेवत नसे. काळ्या जमिनीवरून तो मागे मागे चालत निघाला, मी त्याच्या मागे. जंगल संपलं, बांध आला आणि बांधावर एक मोह. झाडाखालचा गोल साफ जळालेला, त्यावर ताजी फुलं.

झाड त्याचंच होतं.

बुढीचे गुडघे धरलेले. दरवर्षी झाडून देणारा नवरा आठ दिवस लोकांची झाडं राखत हिंडत होता. फुलं तर थांबत नाहीत. तिनं काडी लावली.

"लिवा मॅडम," तो म्हणाला. "माया झाडाखालून लागली. लिवून टाका."

लिहिलं असतं तर बुढीवर केस झाली असती आणि याचं काम कायमचं गेलं असतं. माझ्याच्यानं होईना. मी अहवालात लिहिलं, आगीचं कारण अज्ञात. चार दिवस मी स्वतःवर भलतीच खूश होते.

पाचव्या दिवशी तो आला आणि खात्यानं दिलेली पाण्याची कॅन अन् शिटी माझ्या टेबलावर ठेवली.

"उद्यापासून नाई येत."

"काऊन बाबा? काम तर वाचवलं मी तुमचं."

"आग कुठून लागली, गावाले ठाव हाय. कोनाच्या दारी गेलो का म्हनते, तुयं झाकलं ना मॅडमनं, आमचंबी झाकतीन. काल तिघायनं मायासमोर काडी लावली. मी काय बोलू? नाव लिवलं असतं तं दंड भरला असता, बुढीसंग चार दिवस भांडलो असतो, अन् पुन्हा गावभर बोंबलत हिंडलो असतो. काम नसतं तरी हिंडलो असतो." मग म्हणाला, "मायं तोंड बंद केलं तुनं, पोरी."

तोवर मी मॅडम होते.

चूक माझी होती. दया करायची हौस मला, आणि भोगलं त्यानं. अहवाल बदलायचं धाडस मात्र मला झालं नाही, तेही सांगून टाकते.

यंदा मार्चात मीच खराटा घेऊन दारोदार फिरले. लोक मला खुर्ची देतात, चहा देतात, "हो मॅडम" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पेटवतात.

परवाच्या आगीत आम्ही दहा जण होतो. धुरात पलीकडून कोणीतरी पळसाची फांदी मारत आमच्या दिशेनं येत होतं. खोकल्यावरून ओळखलं. दोन्हीकडून झोडपत आम्ही मधोमध भेटलो, आग विझली. मी हजेरीची वही काढली.

"बाबा, नाव लिहू द्या."

"अज्ञात लिवा," तो म्हणाला. "तुमाले जमते ते."

आणि फांदी टाकून नाल्याच्या अंगानं उतरून गेला. मला हसू आलं, आणि हसता हसता रडूच फुटलं. धूर होता, म्हणून कोणी काही विचारलं नाही.